बॅकअप आहे, पण उघडंना: होस्टिंगच्या फाइलीतून साइट घरच्या कॉम्प्युटरवर काढताना

अण्णांनी पेनड्राइव्ह टेबलावर ठेवला आणि खुर्ची ओढून बसले. "ह्यात आख्खी साइट हाय म्हणत्यात. पण काय केल्या उघडंना."

अण्णा शाहूपुरीच्या कुंभार गल्लीतले, पिढीजात गणपती करणारे. २०१९ च्या ऑगस्टात पंचगंगेचं पाणी गल्लीत आलं तेव्हा रंगाला घेतलेल्या मूर्ती तर गेल्याच, शिवाय खालच्या खोलीतला कॉम्प्युटर आणि त्यातले दहा-बारा वर्षांच्या मूर्तींचे फोटोही गेले. उरले ते फक्त साइटवर चढवलेले. यंदा साइटही बंद पडली. ज्या पोरानं ती करून दिली तो परगावी, होस्टिंगचे, म्हणजे साइट ज्या सर्व्हरवर ठेवलेली त्या जागेच्या भाड्याचे, पैसे भरायचे राहून गेले, आणि बरीच फोनाफोनी केल्यावर कंपनीनं बॅकअपची एक लिंक धाडली. अण्णांच्या भाच्यानं ती पेनड्राइव्हवर उतरवून घेतली होती.

त्या एका फाइलीनं माझ्या तीन संध्याकाळी खाल्ल्या. त्यातली दीड संध्याकाळ माझ्याच चुकांची. तुमच्या हातात अशीच फाइल असेल आणि याआधी कधी हे केलं नसेल, तर निदान त्या चुका तरी वाचतील. साइट वर्डप्रेसवर (साइट बनवायचं सॉफ्टवेअर) केलेली, होस्टिंग सीपॅनेलचं (होस्टिंगचं खातं सांभाळायचं सॉफ्टवेअर) आणि घरी विंडोजचा कॉम्प्युटर, असं धरून लिहितोय. आपल्याकडच्या बऱ्याच छोट्या दुकानांच्या साइट अशाच असतात. फाइलींची नावं स्क्रीनवर रोमन अक्षरांत दिसतील, इथे ती उच्चाराप्रमाणे लिहिली आहेत.

फाइल पुरती आली आहे का?

सीपॅनेलच्या पूर्ण बॅकअपचं नाव 'बॅकअप' या शब्दानं सुरू होतं, पुढे तारीख, वेळ, खात्याचं नाव आणि शेवटी 'टार डॉट जीझेड'. तारीख अमेरिकन पद्धतीची असते, म्हणजे आधी महिना. ८.५ दिसलं तर ते ५ ऑगस्ट, ८ मे नव्हे. दोन-तीन बॅकअप हाताशी असतील तर नेमका जुना उचलला जातो तो इथेच.

मग आकार बघा. अण्णांच्या बाबतीत कंपनीच्या पानावर ३.२ जीबी लिहिलं होतं आणि पेनड्राइव्हवर होती १.९ जीबी. डाउनलोड मध्येच तुटलेलं. अशी अर्धवट फाइल अजिबात उघडत नाही असं नाही, सेव्हन-झिप हे दाबलेल्या फाइली सोडायचं सॉफ्टवेअर ती उघडतं, बऱ्याच वस्तू बाहेरही काढून देतं आणि अगदी शेवटी 'डेटा मध्येच संपला' अशा अर्थाचा एक लाल संदेश दाखवतं. तेवढ्यात फोटो दिसायला लागले की माणूस खूश होऊन खिडकी बंद करतो. तसं करू नका. आकार जुळत नसेल तर लिंक जिवंत आहे तोवर पुन्हा उतरवा. अशा लिंका कायम राहत नाहीत.

बॅकअप ४ जीबीच्या वर असेल तर पेनड्राइव्हही आडवा येतो. बरेच पेनड्राइव्ह फॅट-३२ पद्धतीनं फॉरमॅट केलेले असतात आणि त्यावर ४ जीबीहून मोठी एक फाइल बसतच नाही, जागा कितीही मोकळी असली तरी. त्यापेक्षा थेट कॉम्प्युटरवरच उतरवून घ्या.

पूर्ण फाइल आली की तिची एक प्रत दुसऱ्या डिस्कवर टाका आणि मूळ फाइलीला पुन्हा हात लावू नका. पुढचं सगळं प्रतीवर.

काय हवंय ते आधी ठरवा

पहिल्या दिवशी मी इथेच चुकलो. फाइल मिळाली म्हटल्यावर मी थेट साइट चालू करायच्या मागे लागलो. अण्णांना साइट नकोच होती. त्यांना जुन्या मूर्तींचे फोटो हवे होते, आणि शाडूच्या मूर्तीची माती कशी मळायची, पाण्यात ती किती वेळात विरघळते यावर त्यांनी सांगून लिहून घेतलेली चार-पाच पानं. फोटोच हवे असतील तर काम अर्ध्या तासाचं. मजकूरही हवा असेल तर एक संध्याकाळ. साइट होती तशी डोळ्यांनी बघायचीच असेल तर मात्र चहाचा थर्मास भरून घ्या.

सीपॅनेलचा पूर्ण बॅकअप आपल्याला नव्या होस्टिंगवर एका बटणात परत चढवता येत नाही. ते काम होस्टिंग कंपनीच्या हातचं असतं. आपण बॅकअप बनवू शकतो, उतरवू शकतो आणि फोडून आतलं घेऊ शकतो.

गाठोडं सोडणं

'टार डॉट जीझेड' म्हणजे दुहेरी बांधलेलं गाठोडं. टार सगळ्या फाइली एकापाठोपाठ एक रचून एकच लांबलचक फाइल करतं, आणि जीझिप ती दाबून लहान करतं. म्हणून सोडतानाही दोन गाठी. सेव्हन-झिप फुकट आहे. त्यात फाइलीवर उजवं क्लिक करून एक्स्ट्रॅक्ट केलं की आधी नुसती 'टार' फाइल मिळते. 'एवढंच?' म्हणून थांबू नका, तिच्यावर पुन्हा एक्स्ट्रॅक्ट करा. दोन्ही टप्प्यांना जागा लागते, म्हणून बॅकअपच्या तिप्पट तरी जागा मोकळी ठेवा. विंडोज ११ च्या अलीकडच्या आवृत्त्या अशा फाइली स्वतःही उघडतात, पण मोठ्या बॅकअपला मला सेव्हन-झिपच बरं वाटतं, काय चुकलं ते सांगतं तरी.

फाइल कुठे सोडता ते महत्त्वाचं. मी डेस्कटॉपवर 'अण्णा साइट', त्यात 'नवीन', त्यात 'पुन्हा' अशा फोल्डरात सोडली. विंडोजमध्ये फाइलीचा पूर्ण पत्ता, म्हणजे ड्राइव्हपासून नावापर्यंतची अक्षरं, साधारण २६० च्या पुढे गेली की अडचण होते. वर्डप्रेसच्या प्लगइनमध्ये (साइटला जोडलेल्या जादा सोयी) फोल्डरात फोल्डर असतातच, त्यात माझी भर. पाच-पन्नास फाइली निघाल्याच नाहीत. डी ड्राइव्हवर थेट 'बी' नावाचं फोल्डर करून तिथे सोडली, तेव्हा सुरळीत निघाली.

तरीही शेवटी काही चुका दाखवल्या जातील. त्यातल्या दोन हमखास असतात आणि त्यांना घाबरायचं कारण नाही. एक, 'डब्ल्यूडब्ल्यूडब्ल्यू' आणि 'ॲक्सेस लॉग्ज' या नावांसाठी 'सिम्बॉलिक लिंक बनवता आली नाही'. ही खरी फोल्डरं नव्हेतच, सर्व्हरवर दुसरीकडे बोट दाखवणाऱ्या पाट्या आहेत. दोन, 'मेल' फोल्डरातल्या पत्रांच्या नावांवरून कुरकुर. सर्व्हरवर त्या नावांत विसर्गासारखं चिन्ह चालतं, विंडोजला ते नावात चालत नाही.

मध्येच 'ही फाइल आधीच आहे, वर लिहू का?' असं विचारलं तर 'येस टू ऑल' दाबू नका. सर्व्हरला लहान आणि मोठ्या लिपीतली नावं वेगळी वाटतात, विंडोजला एकच. अण्णांच्या साइटवर एकाच फोल्डरात एकाच नावाचे दोन फोटो होते, एकाचं शेपूट कॅपिटल, दुसऱ्याचं स्मॉल. 'ऑटो रिनेम' निवडलं की दोन्ही वाचतात.

अँटिव्हायरसनं एखादी फाइल पकडली तर तिला सोडवायच्या भानगडीत पडू नका. बरीच वर्षं अपडेट न केलेल्या साइटमध्ये कुणीतरी घुसून आपली फाइल ठेवून गेलेलं असणं नवलाचं नाही.

फोटो

सुटलेल्या गाठोड्यात 'होमडिर' नावाचं फोल्डर असेल. काही वेळा त्याच नावाची आणखी एक टार असते, तीही सोडा. त्यात 'पब्लिक एचटीएमएल', त्यात 'डब्ल्यूपी-कंटेंट', त्यात 'अपलोड्स'. आत वर्षांची फोल्डरं आणि त्यांत महिन्यांची. हे वर्ष फोटो चढवल्याचं, काढल्याचं नव्हे. अण्णांच्या २००९ च्या मूर्ती २०१३ मध्ये सापडल्या, कारण साइटच त्या साली झाली.

प्रत्येक फोटोच्या पाच-सहा प्रती दिसतील. वर्डप्रेस एक फोटो चढवला की त्याच्या लहान आवृत्त्या करून ठेवतं आणि नावाच्या शेवटी मापं लिहितं: १५० गुणिले १५०, मग ३०० वाली, ७६८ वाली, १०२४ वाली. मापं नसलेली ती मूळ. नोव्हेंबर २०१९ नंतरच्या मोठ्या फोटोंना 'स्केल्ड' असं शेपूट असलेलीही एक प्रत असते. तीही लहान केलेलीच, खरा मूळ फोटो शेपटाशिवायचा.

लहान आवृत्त्या शोधून पुसत बसू नका, डिस्कची जागा स्वस्त आहे. उलट त्या उपयोगी पडतात. 'अपलोड्स' उघडून शोधपट्टीत '१५०एक्स१५०' इंग्रजी आकड्या-अक्षरांत टाका आणि दृश्य 'मोठे आयकॉन' करा. सगळ्या वर्षांचे फोटो एकेक करून एकाच पानावर येतात, जुन्या फोटो स्टुडिओत मिळायच्या त्या पट्टीसारखे. अण्णा चष्मा कपाळावर सरकवून स्क्रीनला नाक लावून बसले. "ह्यो. ह्यो तालमीचा. त्याचा हात मी दोनदा बसवला हुता." ज्यावर बोट ठेवतील त्याचं नाव बघायचं, मापं गाळून मूळ फाइल उचलायची आणि वेगळ्या फोल्डरात टाकायची. तासाभरात साठेक फोटो निघाले.

मजकूर कुठे असतो?

नवख्याची सगळ्यात मोठी फसगत इथे होते, आणि माझीही झाली. 'पब्लिक एचटीएमएल' कितीही चाळा, अण्णांची शाडूवरची पानं तिथे नाहीत. वर्डप्रेसचा मजकूर फाइलींत नसतो, डेटाबेसमध्ये, म्हणजे तक्त्यांच्या वेगळ्या साठ्यात असतो. बॅकअपात तो वेगळ्या जागी येतो.

मी गाठोड्याच्या तोंडाशीच 'मायएसक्यूएल डॉट एसक्यूएल' नावाची फाइल बघितली, उघडली, आत दहा-बारा ओळी. डेटाबेस रिकामा! रात्री दहाला अण्णांना फोन करून सांगितलं, फोटो मिळाले पण लिहिलेलं गेलं. ते म्हणाले, "असूदे. मी पुन्यांदा सांगतो, तू लिवून घे." झोप काही नीट लागली नाही. सकाळी कळलं की त्या फाइलीत फक्त कोणत्या वापरकर्त्याला डेटाबेसची परवानगी आहे ते लिहिलेलं असतं. खरा डेटाबेस शेजारच्या 'मायएसक्यूएल' नावाच्या फोल्डरात होता: खात्याचं नाव, खालची रेघ, डेटाबेसचं नाव, डॉट एसक्यूएल. ४६ एमबी. त्याच नावाची 'क्रिएट' शेपटाची चिमुकली फाइलही असते, ती सोडून द्या.

फोल्डरात दोन-तीन डेटाबेस असतील तर आपला कोणता? 'पब्लिक एचटीएमएल'मधली 'डब्ल्यूपी-कॉन्फिग' फाइल नोटपॅडमध्ये उघडा. 'डीबी नेम' या ओळीत नाव आहे. त्याच्याखाली पासवर्डही उघडा लिहिलेला दिसेल, म्हणून ही फाइल मदत मागताना कुणाला व्हॉट्सॲपवर पाठवू नका.

चार-पाच पानांसाठी बाकी काही बसवायची गरज नाही. नोटपॅड प्लस प्लस घ्या, साधं नोटपॅड मोठ्या फाइलीला दमतं. एसक्यूएल फाइल उघडा आणि मजकुरातला आठवणारा एखादा शब्द शोधा. मी 'शाडू' शोधलं. ओळी मैलभर लांब, मध्ये कंसातले टॅग, 'बॅकस्लॅश आर, बॅकस्लॅश एन' अशी खूण जिथे नवी ओळ तिथे. पण मराठी अक्षरं जशीच्या तशी. एकच पान पाच-सहा वेळा सापडेल, कारण वर्डप्रेस प्रत्येक दुरुस्तीआधीचा मसुदाही ठेवतं. 'रिव्हिजन' लिहिलेले सोडा, 'पब्लिश' लिहिलेला घ्या. कॉपी करून वर्डमध्ये टाका आणि टॅग हातानं काढा.

मराठी शब्द सापडतच नसेल तर फाइलीत काय दिसतं ते नीट बघा. नुसती प्रश्नचिन्हं रांगेनं असतील तर तो मजकूर लिहिला जातानाच गेलेला आहे, त्या प्रतीतून परत येत नाही; दुसरा जुना बॅकअप शोधा. डोक्यावर आडवा-तिरपा फरकाटा असलेलं रोमन 'ए' आणि त्यापुढे चलनाच्या खुणांसारखी चिन्हं, हेच पुन्हा पुन्हा दिसत असेल तर जीव भांड्यात पडू द्या. अक्षरं शाबूत आहेत, चुकीच्या चष्म्यातून वाचली जातायत, बस. आधी नोटपॅड प्लस प्लसमध्ये एन्कोडिंग यूटीएफ-८ करून बघा. तरीही तेच दिसलं तर अशा जुन्या साइटवर मजकूर योग्य वाचण्याची किल्ली बहुधा 'डब्ल्यूपी-कॉन्फिग'मधल्या 'कॅरसेट'च्या ओळीत असते. साइट घरी चालवली तर तो नीट दिसायची शक्यता चांगली, मात्र त्या ओळीला हात लावायचा नाही.

साइट घरीच चालवून बघायची तर

झॅम्प (रोमनमध्ये 'एक्स'नं सुरू होणारं) नावाचं मोफत पॅकेज घ्या. त्यात अपाची सर्व्हर, पीएचपी (वर्डप्रेस ज्या भाषेत लिहिलंय ती) आणि डेटाबेस तिन्ही येतात. सी ड्राइव्हवर थेट बसवा, 'प्रोग्रॅम फाइल्स'मध्ये नको, तिथे परवानग्यांचा त्रास होतो. कंट्रोल पॅनेलमध्ये अपाची आणि मायएसक्यूएलसमोरची 'स्टार्ट' बटणं दाबा. दोन्ही हिरवी झाली की अर्धी लढाई जिंकली. अपाची लगेच बंद पडत असेल तर बहुतेक ८० नंबरचं पोर्ट, म्हणजे सर्व्हरचं दार, दुसऱ्या कुणीतरी धरलंय. अपाचीच्या सेटिंग फाइलीत 'लिसन ८०' चं ८०८० करा आणि मग ब्राउझरच्या पत्त्यातही लोकलहोस्टपुढे (म्हणजे आपलाच कॉम्प्युटर) विसर्गचिन्ह देऊन ८०८० लिहा.

'पब्लिक एचटीएमएल'मधलं सगळं झॅम्पच्या 'एचटीडॉक्स' फोल्डरात 'अण्णा' अशा साध्या रोमन नावाच्या फोल्डरात टाका. तिथली 'डॉट एचटीॲक्सेस' फाइल आधीच नाव बदलून बाजूला करा. सीपॅनेल त्या फाइलीच्या शेवटी स्वतःच्या पीएचपीची ओळ लिहून ठेवतं. घरच्या अपाचीला ती कळत नाही आणि मग पान उघडायच्या ऐवजी ब्राउझर फाइल डाउनलोड करू लागतो. यात माझा पाऊण तास गेला.

आता झॅम्पसोबत येणारं पीएचपी-माय-ॲडमिन हे डेटाबेस हाताळायचं पान उघडून नवा रिकामा डेटाबेस करा आणि डावीकडे त्यावर क्लिक करून मगच 'इम्पोर्ट'मध्ये एसक्यूएल फाइल द्या. न निवडता इम्पोर्ट केलं तर 'डेटाबेस निवडलेला नाही' म्हणून परत पाठवतं. फाइल मर्यादेपेक्षा मोठी आहे म्हणालं तर सेव्हन-झिपनंच ती जीझेड करून द्या. मजकूर चांगला दबतो, आमची ४६ एमबीची ७ वर आली. 'अनोळखी कोलेशन' (अक्षरांच्या क्रमवारीचा नियम) म्हणून अडलं आणि त्या नावात ०९०० हा आकडा असेल, तर होस्टिंगवर मायएसक्यूएल ८ होतं आणि झॅम्पमध्ये मारियाडीबी हे त्याचं भावंड आहे. एसक्यूएलच्या प्रतीत ते पूर्ण नाव शोधून, ०९०० पासूनचा भाग काढून तिथे 'युनिकोड', खालची रेघ, 'सीआय' येईल असं बदला, आधीचा भाग तसाच ठेवा.

'डब्ल्यूपी-कॉन्फिग'मध्ये डेटाबेसचं नाव तुम्ही दिलेलं, वापरकर्ता 'रूट', पासवर्ड रिकामा, होस्ट 'लोकलहोस्ट'. 'टेबल प्रीफिक्स' तसाच राहू द्या.

लोकलहोस्ट, तिरपी रेघ आणि फोल्डरचं नाव असा पत्ता उघडल्यावर ब्राउझर जुन्या बंद साइटकडेच पळाला तर नवल नाही. पीएचपी-माय-ॲडमिनमध्ये 'ऑप्शन्स' टेबलात 'साइट यूआरएल' आणि 'होम' या ओळी आहेत, त्यांत हा घरचा पत्ता लिहा. एसक्यूएल फाइलीत जुना पत्ता शोधून सगळीकडे नवा भरायचा मोह होईल. तसं करू नका. वर्डप्रेस काही सेटिंग्ज अक्षरांच्या मोजणीसकट लिहितं. पत्त्याची लांबी बदलली की मोजणी चुकते आणि त्या सेटिंग्ज मुकाट्यानं नाहीशा होतात.

पांढरं पान किंवा 'फेटल एरर' आली तर बहुधा जुनं थीम किंवा प्लगइन नव्या पीएचपी ८ ला झेपत नाहीये. 'प्लगइन्स' फोल्डरचं नाव बदला, म्हणजे सगळी एकदम बंद. तरीही नाही झालं तर पीएचपी ७.४ वालं जुनं झॅम्प घ्या. त्यावर अण्णांची साइट उघडली. मुखपृष्ठच फक्त, आतल्या पानांवर क्लिक केलं की 'सापडलं नाही'. वर्डप्रेसच्या ॲडमिनमध्ये जाऊन 'परमालिंक' (पानांचे पत्ते कसे असावेत ती) सेटिंग नुसती पुन्हा सेव्ह केली की नवी 'डॉट एचटीॲक्सेस' बनते आणि पानं उघडतात. ॲडमिनचा पासवर्ड कुणालाच आठवत नव्हता. पीएचपी-माय-ॲडमिनमध्ये 'युजर्स' टेबलात 'युजर पास'च्या रकान्यात नवा शब्द लिहून शेजारच्या यादीतून 'एमडी-५' निवडलं की झालं.

पानं शंभर-दोनशे असतील आणि एक्सेलमध्ये हवी असतील, तर 'पोस्ट्स' टेबल सीएसव्हीत (स्वल्पविरामांनी रकाने तोडलेली साधी फाइल) एक्सपोर्ट करा. पण ती सीएसव्ही डबल क्लिकनं उघडू नका, मराठीचा चिवडा होतो. एक्सेलमध्ये 'डेटा', मग 'फ्रॉम टेक्स्ट', आणि फाइल ओरिजिनला ६५००१ यूटीएफ-८ निवडा.

काम झालं की झॅम्पमधली अपाची आणि मायएसक्यूएल दोन्ही बंद करा, रूटला पासवर्ड नसताना ती चालू ठेवायची गरज नाही. 'डब्ल्यूपी-कॉन्फिग'मधला जुना पासवर्ड दुसरीकडे कुठे वापरला असेल तर तो बदला. अण्णांचा तोच त्यांच्या ईमेललाही होता.

मूळ टार डॉट जीझेड, निवडलेले फोटो आणि पानांची वर्ड फाइल अशा तिन्ही गोष्टी दोन हार्ड डिस्कवर टाकून दिल्या. एक अण्णांच्या लेकीकडे गेली. दुसरी कुठे ठेवायची म्हणून मी विचारलं तर अण्णांनी नुसतं वर माळ्याकडे बोट दाखवलं, जिथे साचे ठेवतात.